व्हॉल्व्ह क्रमांक अकरा

विजापूर रोडच्या पलीकडं, जिथं पूर्वी करडई व्हायची,
तिथं सात रस्ते आहेत
नि सातहींना गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची नावं.
लेआउट मंजूर करणारा साहेब म्हणे शौकीन होता,
बदलीच्या आधल्या आठवड्यात
एकाच बैठकीत त्यानं सगळं गाणं-बजावणं उरकून घेतलं.

मी चावीवाला. हातात साडेचार फुटी लोखंडी टी.
माझ्या वहीत रस्ते नाहीत, व्हॉल्व्ह आहेत.
राघवेंद्रबुवा कुंभारीकर मार्ग म्हणजे चार आणि पाच,
प्रेशर बरं, तक्रारी कमी.
उस्ताद दस्तगीर खाँ बीनकार पथाला
पोरं बिनकाम पथ म्हणतात, नि कट्ट्यावर बसून असतात;
त्यांचंही काही खोटं नाही बे.
मृदंगाचार्यांच्या फलकावर शिवणक्लासची जाहिरात.
सनईवाले इरप्पा भंगाराच्या गाड्यामागं, अर्धेच दिसतात.
कोण होते हे लोक, मला कुणी विचारलं नाही.
मीही कुणाला विचारलं नाही.

मार्चातली दुपार, डांबर चपलेला चिकटत होतं.
रिक्षातून एक बाई उतरल्या, साठीच्या पुढच्या,
मुठीत घामेजलेलं पाकीट, त्याच्यावर पत्ता.
तडवळकरबाई रस्ता कुठं?
किराणावाला गज्जम म्हणाला, असला रस्ता इथं नाय की ओ,
टाकीची गल्ली आहे, पिठाच्या गिरणीची गल्ली आहे...
मी म्हटलं, चला. अकरा नंबर.

फलक होता. निळ्यावर पांढरं:
पं. तडवळकर मार्ग.
पेंटरनं बाईंचा पंडित करून टाकलेला,
जागा कमी पडली असेल, किंवा हाताची सवय.
त्या हसल्या. पदरानं धूळ पुसली.
धूळ गेली, पंडित राहिला.
माझी आई, म्हणाल्या.

मग कंपाउंडच्या सावलीला बसून
त्यांनी विचारलं, पाणी कधी येतं इथं?
मला वाटलं, तहान लागली.
म्हटलं, पाचव्या दिवशी. रात्री दोनला.
दोनला?
साखर पेठेत आमच्या दोन्ही अंगांना माग, त्या सांगू लागल्या,
दिवसभराची खटकखटक भिंतीतून यायची
नि तंबोऱ्याच्या भोपळ्यात जाऊन बसायची.
शेजारचे नरसय्या म्हणायचे, अक्का, दीडला बंद करतो.
दीडला माग थांबायचे.
कानातले थांबायला अजून अर्धा तास.
दोनला आई षड्ज लावायची,
आम्ही पोरं त्या सुरातच कूस बदलायचो.
दिवसा कधी गायली नाही. लोक म्हणायचे, ताठा आहे.

यावर काय बोलायचं मला सुचेना.
मी म्हटलं, शेवटच्या घराला प्रेशर पोचत नाही.
त्या म्हणाल्या, आईचाही वरचा पंचम असाच दमायचा.

गुरुवारी पाळी होती.
अकराचं झाकण उचललं, टी बसवली, साडेसहा फेरे.
पाण्याआधी हवा येते. वीस वर्षं ऐकतोय:
आधी जमिनीच्या पोटातून लांबलचक एकच आवाज,
मग थरथर,
मग जो तो नळ आपापल्या पट्टीत.
दिवे लागले. इरबत्तींची सून
घागरीला हात लावून उभी, डोळे मिटलेले.
कुणाची तरी मोटार चोरून चालू; उद्या पावती फाडू.
कळशी भरत आली की आवाज चढत जातो,
गळ्यापाशी बारीक होतो,
हे काय नवीन नाही मला,
तरी त्या रात्री गल्लीच्या तोंडाशी उभाच राहिलो,
सायकल तशीच मांडीला टेकवून.
दोन वाजून दहा मिनिटं.
सगळ्या बायका जाग्या,
नि कुणीच बोलत नव्हतं.

पहाटे नोंद केली:
व्हॉल्व्ह ११. चालू २.००. बंद ३.४०.
शेरा: शेवटचं घर, तक्रार कायम.
आणि तसला रकाना नाही म्हणून
समासात, पेन्सिलीनं:
बाई.