खड्ड्यातून वर येऊ नकोस

पहाटे साडेचारला अंगणात दोनशे ऐंशी पाठी.
पाठींवर वाफ, वाफेवर एकच पिवळा दिवा.
साउथलँडचा सप्टेंबर, वारा थेट दक्षिणेचा,
रेलिंगवर बर्फाची साय.

मी रोडेलिओ, इलोइलोहून आलेला.
तिकडे आमच्याकडे एक रेडा होता.
हाक मारली की यायचा. किंवा यायचा नाही.
दोन्हींत शिकण्यासारखं काही नव्हतं.

इथे कमरेएवढ्या खड्ड्यात उभं राहायचं,
दोन्ही अंगांना वीस-वीस गायी, तिरप्या,
माशाच्या काट्यासारख्या,
आणि डोळ्यांसमोर नुसती कास.
पहिले तीन महिने मी त्यांना सडांवरून ओळखायचो,
कुरणात भेटल्या तर परक्या वाटायच्या.

त्या दिवशी रांग सरकेना.
पुढची कालवड दारात थबकली, तिच्यामागे सगळं अंगण.
मी पायऱ्या चढून वर. हो, हो, हप्! टाळ्या,
काळा पाइप रेलिंगवर आपटला.
त्या आल्या.
पुढच्या रांगेला पुन्हा वर.
त्याच्या पुढच्या रांगेला पुन्हा.
मागच्या फाटकाचं बटण इतका वेळ दाबून धरलं
की गायी एकमेकींच्या पाठीवर हनुवट्या टेकवू लागल्या.
माना ताठ. शेण पातळ, भिंतीपर्यंत.
आणि पान्हा कुणीच सोडेना;
कोरड्या सडांना यंत्र लोंबत राहिलं, फुस्स, फुस्स.

मोरॅग टुलक थर्मास घेऊन आली.
वय एकाहत्तर, एक गुडघा स्टीलचा.
बराच वेळ बोलली नाही.
मग माझ्या हातातला पाइप घेतला,
त्याने नालीतलं गवत मोकळं केलं,
आणि तो कोपऱ्यात उभा केला,
पाहुण्याची छत्री ठेवावी तसा.

"तू वर येतोस ना," म्हणाली, "म्हणून त्या थांबतात.
दर रांगेला तू आणायला जातोस.
त्यांना वाटतं, रीतच आहे इथली:
आधी तो येणार, मग आपण निघायचं.
आणि फाटक ढकलायला नसतं रे.
मागे जागा उरली नाही, एवढंच सांगायला असतं."

मग गुडघा वाकेल तेवढी वाकून
ती दारात गायीच्या उंचीवर उभी राहिली.
मलाही वाकवलं.
तिथून दिसलं: उंबऱ्याशी पाणी साचलेलं,
पाण्यात दिवा, हलणारा, तळ नसलेला.
मीही पाय टाकला नसता.
खराट्याने पाणी काढलं. दिवा गेला.
खाली साधं काँक्रीट निघालं.

"आता खाली उतर. आणि काही करू नकोस."

काही न करणं हे काम असतं
असं नोकरीच्या कागदात कुठे नव्हतं.
हात कुठे ठेवायचे कळेना.
फडकं धुतलं. तेच पुन्हा धुतलं.
वर नुसते श्वास,
मग एक खूर. टक्.
चारशे सतरा, उजव्या कानाला चीर असलेली.
नाक खाली करून तिने काँक्रीट हुंगलं,
आत आली, पार टोकापर्यंत चालत गेली,
आणि तिच्यामागे बाकीच्या,
त्यांच्या त्यांच्या मानाने:
ही तिच्या आधी नाही, ती हिच्या शेजारी नाही.
लंगडी सर्वांत शेवटी.
तिला कुणी घाई केली नाही, तिनेही कुणाला नाही.
काचेच्या बरणीत दूध आधी दोऱ्याएवढं,
मग दोराएवढं.

मोरॅगने चहा ओतला. साखर विसरली होती.

दुसऱ्या दिवशी चौथ्या रांगेला
मी एकदा वर आलोच.
मोरॅग पाहत नव्हती.
चारशे सतरा पाहत होती.