सतरा नंबरची मूस

लोक विचारतात, चुंबकावर काम करता म्हणजे
काय चिकटवता, मॅडम?
काही नाही. मी लोखंडाला विसरायला शिकवते.

खरंच. तुमच्या चार्जरच्या पोटातला तो काळा गाभा
सेकंदात लाखदा उत्तरेची दक्षिण करतो.
मागची दिशा धरून बसला, की तापतो.
आलेखावर त्या हट्टाचं वेटोळं उमटतं,
जितकं फुगीर, तितकी वीज वाया.
माझी बत्तीस वर्षं ते वेटोळं बारीक करण्यात गेली,
तीही नागपुरात,
जिथे मे महिन्यात भट्टी बंद आहे म्हटलं
तर खोलीला पटत नाही.

लोह, झिंक, मँगनीज.
यातलं मँगनीज शाळेच्याही आधीपासून ओळखीचं.
मनसरच्या खाणीतून बाबा यायचे,
आई म्हणायची, हात धुऊन बसा.
ते धुतलेल्याच हातांनी जेवत असायचे.

शहाण्णवचा मे. नमुना सतरा.
मुलाला गोवर, मी घरी.
पावणेसहाला लाइन गेली.
सकाळी पाहते तर मूस उभी तडकलेली,
आतल्या टिकल्या शाबूत.
टाकून देणार होते.
तरी पाकिटात घालून इंदूरला धाडल्या मोजायला,
तिकीट लावलंच होतं म्हणून.

महिन्याने आलेख आला.
वेटोळं इतकं बारीक
की मला वाटलं यंत्राचा पेन घसरला.

मग अकरा वेळा केलं.
लाइन जायची वाट पाहिली.
नाही गेली तेव्हा मेन स्विच स्वतः पाडला,
खालच्या मजल्यावरच्या प्राध्यापकांनी तक्रार केली.
अकराही वेळा तेच जाडजूड, ओळखीचं वेटोळं.
देवपुजारी सर चष्मा पुसत म्हणाले,
पुन्हा होत नाही त्याला निकाल म्हणत नाहीत, वनमाला,
योग म्हणतात.
मी छापलं नाही.
टिकल्या पेढ्याच्या डबीत ठेवल्या, खालच्या खणात.

शेषराव निनावेच्या निरोपाला तर्री पोहे होते.
प्लेट हातात, नजर पोह्यांत, तो म्हणाला,
"मॅडम, एक सांगू का, रागावसान त नाही?
त्या दिवशी लाइन गेली न,
मले कामठीची बस पकडाची होती.
भट्टी थंडी होयेस्तोवर कोन थांबते?
चिमट्यानं मूस काढली
न माठाखालच्या रेतीत खुपसली.
फट्‌ झालं.
भेवानं वापस ठेवून देली."

तेवीस वर्षं.
तो रागाची वाट पाहत होता
आणि माझ्या डोक्यात फक्त ऑक्सिजन:
बाराशे अंशांवरून एकदम ओल्या रेतीत,
मँगनीजला श्वास घ्यायला सवडच मिळाली नाही.
कसं सुचलं नाही?
त्याच माठातलं पाणी मी रोज पीत होते.
मी म्हटलं, शेषराव, अजून थोडी तर्री घे.

अफरोजने रेती चाळली, भिजवली.
दोन मुशी फुटल्या,
एक ठिणगी तिच्या ओढणीला भोक पाडून गेली.
तिसरी तडकली, पण हवी तशी.
आता आलेख महिना घेत नाही, पडद्यावर येतो.
आला. बारीक.
सतरा नंबरइतका नाही.

निबंध पाठवला. परीक्षकाचं एकच म्हणणं:
रेतीचा उगम आणि प्रत स्पष्ट करावी.

फोन लावला.
"कन्हानची असंन," शेषराव म्हणाला,
"नाहीतर बाजूच्या बांधकामावरची.
माठाचं सारं पेंदोरमावशी पाहे."
पेंदोरमावशीला जाऊन पंधरा वर्षं झाली.
तिला कुणी काही विचारलंच नव्हतं,
मीही नाही.

तो रकाना दोन दिवस रिकामा ठेवला.
मग लिहिलं:
नदीची. ओली.