बाणातला ण

जाळ्यांची खोप रिकामी झाली तेव्हा
भाच्याने विचारलं, आत्या, आता इथे काय?
म्हटलं, मी.

तीन भिंती चिऱ्याच्या, चौथी पत्र्याची.
पत्र्यात खिडकी कापली, तिला काच एसटीची,
दापोलीच्या भंगारवाल्याकडून, साठ रुपये.
कोपऱ्यात अजून लिहिलेलं : महिलांसाठी राखीव.
पुसलं नाही.

छपरात एकच काचेचं कौल.
सकाळी त्यातून पाटाएवढं ऊन पडतं,
बारापर्यंत सरकत ब्रशांच्या मडक्याशी येतं.
मडकं गळकं. म्हणूनच माझ्याकडे आलं.

रंग करवंट्यांत. करवंटी लवंडू नये म्हणून खाली चुंबळ,
फाटक्या जाळ्याची, निळी-हिरवी,
बंदरावरचा लिलाव उठल्यावर बसल्या बसल्या वळलेली.
नारिंगी बोया अर्धा कापून त्यात दिवा सोडला,
आता तिन्हीसांजेला पाजेतलं कुणीतरी हमखास थांबतं :
आत काय पेटलंय गो?
दाराला कालवांच्या शिंपल्यांची माळ लावली होती.
वारा आला की जावाजावांसारखी भांडायची.
निम्मी काढून टाकली.

राहिलं टेबल.

भरतीच्या रेषेवर नामा दोरकुळकरची होडी तोडत होते.
ताजुद्दीन मिस्त्री खिळे उपटून डब्यात टाकत होता,
तांब्याचे वेगळे.
म्हटलं, एक फळी दे, लांब.
म्हणाला, नाळेकडची ने, साग आहे,
रंग तेवढा खरवड.

खरवडला. आधी करवतीच्या तुटक्या पात्याने,
मग माकुलाच्या हाडाने, हळूहळू.
मोरीच्या तेलाचा वास सुटला, खोपभर, नाकभर.
पांढऱ्याखाली हिरवा,
हिरव्याखाली निळा,
आणि निळ्यावर पिवळ्या अक्षरांत, लाल काठ देऊन :
सागरकण्या.

हात माझा. एकोणीस वर्षांचा.
पहिली होडी, पहिली कमाई,
दीडशे रुपये आणि एक सुरमई.

शाळेत मी पानी म्हटलं की वर्ग हसायचा.
बाई फळ्यावर काढायच्या, नळातला न, बाणातला ण,
पुन्हा म्हण, पुन्हा म्हण.
मग होडीच्या कडेला शिडी लावून चढले तेव्हा
डबा एका हातात, भीती दुसऱ्या,
ठरवून टाकलं :
जिथे शंका, तिथे बाण.

नामाला वाचता येत नव्हतं.
ज्यांना येत होतं ते हसले असतील,
पण परवान्याच्या साहेबाने फळी बघून तसंच उतरवलं,
साहेबाचं बघून डिझेलच्या पुस्तकात, मग सोसायटीच्या वहीत,
आणि सत्तावीस हंगाम ती चूक
सुवर्णदुर्गाला वळसा घालून बाहेर गेली,
कधी घोळ घेऊन आली, कधी पापलेट,
कधी नुसतं दोन टोपल्या माकूल.
एकदा तीन दिवस आलीच नाही.
मग आली.

भाचा म्हणाला, मशीन आणतो, तासून टाकू.
ताजुद्दीन म्हणाला, उलटी टाक की, खालची बाजू सपाट आहे.
मी फळी तशीच भिंतीला टेकवून ठेवली, आठ दिवस.

नवव्या दिवशी नामा आला, काठी टेकत.
उंबऱ्यावर बसला, चहा प्याला, होडीचा विषय काढला नाही.
जाताना फळीवरून बोट फिरवत गेला
आणि बरोबर त्या अर्ध्या ण वर थांबला.
ह्यो गळ, म्हणाला.
धा होड्या एका रंगाच्या उभ्या असल्या ना,
तरी मी ह्यो गळ बगून आपली वलखायचो.
दुसऱ्या कुनाच्या नावात नव्हता.

मी काही बोलले नाही.
त्याला काय सांगणार, आणि कशाला.

आता फळी टेबल आहे. नाव वरच्या बाजूला.
कामाच्या ओघात त्यावर रंग सांडतो,
काल काव सांडली, पुसली, खाचांत राहिलीच.
एका बाजूने अजून डुगडुगते.
खाली करवंटी सरकवली आहे,
तात्पुरती.