खापर

मार्चचा तिसरा आठवडा. वॉटरटाउनमध्ये
फुटपाथच्या कडेला मळका बर्फ, मीठ खाऊन खंगलेला.
न्शान नालबंदियानच्या दुकानाखाली, तळघरात,
मी त्याच्या वर्षभराच्या पावत्या लावत बसलेय.
बुटांच्या खोक्यातल्या. काही ऑलिव्हच्या तेलानं
आरपार दिसायला लागलेल्या.

पहिल्याच वर्षी विचारलं होतं मी:
नालबंद म्हणजे घोड्यांना नाल ठोकणारे ना?
आमच्याकडेही असत.
आणि तुम्ही?
आम्ही कुंभार. तुमच्या घोड्यांची लीद
गोळा करून मातीत मळणारे.
तेव्हापासून तो माझ्या फीवर घासाघीस करत नाही.
न्शान म्हणजे खूण, असं समजावू लागला तेव्हा
म्हटलं, राहू दे. निशाण. ठाऊक आहे.

आज त्यानं बाटली आणलीय.
द्राक्षाचं नाव गारान द्माक,
कोकराच्या शेपटीची चरबी.
असलं नाव वाचून कोण घेणार, तोच म्हणतो.
वेली थोड्याच उरल्यात, एका म्हाताऱ्याच्या परसात,
त्याचे मुलगे रशियात ट्रक चालवतात.
बिलावर व्हाइट लिहिलंय. पेल्यात मात्र
कढवून निवलेल्या तुपाचा रंग.
सालीसकट सहा महिने ठेवली होती,
गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेल्या –
तो म्हणाला कारास, मी म्हटलं रांजण,
आणि दोघांनी हात पसरून
तेवढीच रुंदी दाखवली.

कशी लागते, सांग. पाटी लिहायचीय.
पुरवठादाराच्या चिठ्ठीत जर्दाळू आहे,
पांढरी फुलं आहेत, बदाम.

जर्दाळू नाही रे.
आवळा चावल्यावर आणि वर पाणी प्यायच्या आधी
जे काही असतं, ते.
नव्या माठातलं तिसऱ्या दिवसाचं पाणी.
आणि मागे, बरंच मागे,
भद्रावतीला आमच्या अंगणात वाळत घातलेला मोह,
ज्याची पहिल्या धारेची
बाबा फक्त भट्टी लावायच्या रात्री प्यायचे.
तुरट. याला इंग्रजीत जो शब्द आहे
तो औषधाच्या दुकानातला.
त्याच्या भाषेत आहे म्हणे, त्तिप.
आम्ही दोन-तीनदा म्हणून पाहिलं.
तोंड बरोबर तसंच आवळतं.

पावत्या उडू नयेत म्हणून तो वर एक खापर ठेवतो,
बोटभर जाड, आतून जुन्या मेणानं काळं.
आजोळच्या रांजणाचं. घर त्याच्याभोवती बांधलेलं,
त्यामुळे तो दारातून कधी निघणारच नव्हता.
घर विकलं, तेव्हा फोडावा लागला.
कोणी फोडला? सगळ्या भावंडांनी मिळून.
खापर मात्र माझ्यावर फुटलं, असं तो म्हणाला नाही,
त्याच्या भाषेत ते तसं म्हणत नसावेत;
बहीण बारा वर्षं फोन उचलत नाही, एवढंच म्हणाला.

ओहान उस्तादनं घडवला होता तो, सात गावांत नाव होतं.

मी खापर उलटं केलं.
एवढा मोठा चाकावर होत नाही.
आतून दगड धरायचा, बाहेरून फळीनं थापटायचं,
तळापासून वीत वीत चढवत न्यायचा.
चाकाला आम्हा मुलींचा हात चालायचा नाही.
थापटायला चालायचा.
आतल्या बाजूला मेणाखाली खळगे होते, बोटांचे.
माझी चार बोटं त्यात बसली.
मग त्याला म्हटलं, तू ठेव तुझी.

त्याची दोनच मावली.

बराच वेळ तो काही बोलला नाही. वर दुकानात
कोणीतरी घंटी वाजवली, वाट पाहिली, निघून गेलं.
मग त्यानं पेला खाली ठेवताना
थोडी सांडली, हात हलला म्हणून
की मुद्दाम, मी विचारलं नाही.
पावती क्रमांक एकशे चार पिवळी झाली.
खापराच्या तुटक्या कडेवर पडलेलं तेवढं
खापरानं ओढून घेतलं,
आमच्या डोळ्यांदेखत,
आणि ती कड पुन्हा कोरडी दिसायला लागली.