चौथी सही

खरेदीच्या कागदावर चार चौकोन.
पहिल्यात मीच, सुरक्षा अधिकारी. त्याचं काय कौतुक.

अकाउंट्सचे ओगले चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले,
"न झालेल्या अपघाताचा खर्च
मी कोणत्या खात्यात टाकू?"
म्हटलं, रझियाच्या दोन बोटांचा टाकलात, त्याच्याच शेजारी.
ते बराच वेळ कॅल्क्युलेटरचं झाकण उघडत-मिटत बसले.
मग सही केली. पेन्सिलीने.
मी पेन पुढे केलं.

फणसोपकर शेठ मिरकरवाड्याच्या जेटीवर,
बांगड्याचा भाव पडलेला, त्यात माझं सॉफ्टवेअर.
इंजिनांच्या धडधडीत ओरडून सांगितलं:
कोण कुठे घसरलं, काय गळतंय, सगळं एका जागी दिसेल.
"वहीत काय वाईट आहे?"

वही पिशवीतच होती.
खाऱ्या पाण्याने फुगलेली, पानांत कोळंबीची मिशी.
नखाने एकेक पान सोडवत गेले.
*अमोनियाचा वास, दोन नंबर कॉम्प्रेसर.* फेब्रुवारी.
*डोळे चुरचुरतात, दोन नंबरपाशी.* गणपतीआधी.
*वास.* एवढंच. तारीख विरघळलेली.
पाच हातांची अक्षरं, व्हॉल्व्ह एकच,
आणि एकाचं दुसऱ्याने कधी वाचलेलं नाही.
शेठनी वही नाकाशी नेली.
"माशाचाच येतोय," म्हणाले,
आणि सहीला पाठ माझीच घेतली.

राहिला मयेकर. कामगारांतर्फे.
देवगडचा, बावीस वर्षं कॉम्प्रेसर रूममध्ये.
"नोंद म्हंजे नाव. नाव म्हंजे मेमो.
मी नाकान मशीन चालवतंय.
तुमचो फोन काय हुंगतलो?"
दोनदा परत आले.
तिसऱ्यांदा कागद नेलाच नाही.
बर्फाच्या चुऱ्यावर पाय सांभाळत
कोरा चहा प्यायलो, न बोलता. बाहेर ओहोटी.

कप विसळताना, नळाकडे तोंड करून, म्हणाला,
"त्या साथीत ताप इललो ना माका.
तेवापासून वासच येणा नाय.
कोणाक सांगा नको, बाय."

नळ चालूच राहिला.

"नावाचो रकानो रिकामो ठेवूक येता?"
येतो, म्हटलं.
"दाखय मगे."

एका अंगठ्याने, 'ळ' शोधत शोधत,
त्याने पहिली नोंद केली:
*दोन नंबर गळता. वास मोजूचा यंत्र होया.*

कागद दुसऱ्या दिवशी स्वतःच मागून घेतला.
सही चौकोनात मावली नाही,
'कर' बाहेर राहिला.