आठवा मुद्दा

भर ऑगस्टात नगरसेवक बुचिरी
मुहर्रकच्या आमच्या गल्लीत चालत आले.
नव्या इमारतीचा नकाशा गाडीच्या टपावर पसरला
आणि हात भाजला म्हणून झटकला.

बेचाळीस गाड्यांना जागा. दोन लिफ्ट.
दाराशी खजुराची झाडं, हिरव्या शाईत.
उम्म सलमान म्हणाल्या, आणि माशांची डोकी?
ती कुठल्या मजल्यावर ठेवू?
किराणावाला कुट्टी हसला,
मग कुणीच हसलं नाही.
कचऱ्याचा डबा नकाशात नव्हताच.

बुचिरींनी पेनानं एक चौकोन काढला.
तो नेमका माझ्या लाँड्रीच्या दारात.
मी गप्प. सतरा वर्षं इथे, मत नाही;
खेडच्या यादीत होतं, तिथूनही कटलं.

गुरुवारी त्यांचा थोब आला धुवायला.
खिशात घडी केलेला कागद,
गल्लीच्या तक्रारी, अरबीत.
मला फक्त आकडे वाचता येतात:
एक ते सात.

खाली मी आठ काढला.
पुढे काय लिहिणार?
दुकानाचा शिक्का मारला,
शाई वाळू दिली,
आणि थोबाआधी
तो कागद इस्त्री केला.
मंद आचेवर.