करप

आदण उतरलं की पहिलं बघायचं काहिलीकडं.
गूळ वाफ्यात पडलाय, पडू दे,
फावडी मारणारे मारतील.
ज्योतिराम गुळव्या असं म्हणायचा
आणि माझ्याकडं बघायचा,
कारण हळदीच्या त्या गुऱ्हाळावर
काहिलीत उतरण्याएवढा हलका
मी एकटाच होतो.

दिवसा दोन आदणांच्या मधे
नुसता पाण्याचा हबका, लांब दांड्याचा कुंचा.
खरं धुणं रात्री,
चुलवाण निवल्यावर.

आक्काताई दोन घागरी रस
मुद्दाम मागं ठेवायची. परवाचा.
आंबलेला, फेसाळलेला,
नाकात सुई जावी तसा वास.
तो कोमट काहिलीत ओतायचा
आणि चिपाडाच्या गंजीत झोपून जायचं.
पहाटे चारला करप
खपली सुटावी तशी सुटायची.
"ज्यानं घाण केली त्यानंच काढायची,"
आक्काताई म्हणायची.
रसाला म्हणायची की मला,
कधी कळलं नाही.

मग मी आत. अनवाणी.
नारळाची शेंडी, चुन्याची निवळी.
विटकर अजिबात नाही,
ओरखडा पडला की पुढची करप
तिथंच घर करते.

करप दोन जातीची.
काळी दिसते.
पांढरी दिसत नाही, हाताला कळते,
मांजराच्या जिभेसारखी.
कंदिलाचा उपयोग नाही,
डोळे मिटायचे
आणि तळहात फिरवत जायचं
कडेकडनं आत, आतनं कडेला.

माघातली गोष्ट.
पन्हाळ्याकडचा वारा थेट पाठीवर,
बोटांना भेगा, भेगांत चुना.
तळहाताएवढी जागा राहिली.
राहिली म्हणजे,
मी ठेवली.

दुपारच्या आदणाला
तिथं बुडबुडा वेगळा उठला.
सगळी काहील हसत होती,
तेवढी जागा थुंकत होती.
ज्योतिरामनं शिबी थांबवली,
मान तिरपी केली.
गुळव्या कानानं बघतो.
मी चिपाडं मोजत बसलो,
चिपाडं कुणी मोजतं का?

शाहूपुरीत अडत्यानं
रव्याची चिमूट काढली,
उजेडाकडं धरली,
जिभेवर ठेवली.
करपट, म्हणाला.
क्विंटलमागं चाळीस रुपये गेले
त्या एका शब्दात.

मगदूम अण्णा संध्याकाळी आले,
सायकल उभीच धरून विचारलं,
"कुणाचा हात?"
जाळव्यानं जमिनीकडं बघितलं.
आक्काताईनं पदर सारखा केला.
ज्योतिराम म्हणाला,
"जाळ वाढला जी.
माझंच ध्यान नव्हतं."
त्याची त्या आठवड्याची हजेरी कापली.
मला गरम काकवी मिळाली नेहमीसारखी, द्रोणभर.
मी ती प्यालो. गोडच लागली,
हेच वाईट.

रात्री तो स्वतः आत उतरला,
साठीचा, जड अंगाचा,
पत्रा त्याच्या गुडघ्याखाली कुरकुरला.
मी म्हटलं, वाकंल.
"वाकू दे," म्हणाला.
शेंडी त्यानं माझ्या हातनं घेतली नाही,
माझा हातच धरला
आणि नेऊन ठेवला
बरोबर त्या जागेवर.
घासलं आम्ही. कुणी काही बोललं नाही.
बाहेर भोगावतीवरची मोटार
एक सूर धरून चालू होती.

आता तिथं स्टीलच्या काहिली आहेत,
प्रेशरचं पाणी आहे,
पावडर मिळते पुडीत,
आंबलेला रस कुणी ठेवत नाही.
ज्योतिराम नाही.
मी राजारामपुरीत हिशेब लिहितो.

पण कुठल्याही भांड्याचा तळ
मी अजून डोळे मिटून बघतो.
बायको म्हणते, पाहुण्यांच्यात तरी नको.
काल चहाचं पातेलं होतं,
लख्ख, तिनंच घासलेलं.
हात फिरवत गेलो कडेकडनं आत,
आणि मधे एका जागी
उगाच थांबलो.